मेंदूची नालेसफाई

रविवारी पहाटे पाच वाजता आमच्या सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे इमारतींमधल्या मोकळ्या चौथऱ्यावर, साठ-सत्तर माणसं एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन उभी होती. मुलुंड पूर्वेच्या आमच्या 'गिरिदर्शन' सोसायटीत एवढी माणसं वार्षिक सभेलाही येत नाहीत. सभेला कोरम भरावा म्हणून सेक्रेटरींना बटाटेवडे मागवावे लागतात. इथे वडे नव्हते. इथे होते पाण्याने भरलेले बारा निळे टब, त्यांच्यात सोडलेल्या वायरी, आणि मागे पंधरा फुटांचा फ्लेक्स: 'पावसाळ्यापूर्वी नाल्याची, म्हातारपणापूर्वी मेंदूची! मस्तिष्काचार्य मार्तंडजी यांची मेंदूची नालेसफाई.'

लोक टबात पाय सोडून बसत. मार्तंडजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि बटण दाबत. दोन मिनिटांत स्वच्छ पाणी पिवळं होई, पाच मिनिटांत विटकरी आणि दहाव्या मिनिटाला त्यावर काळपट फेस धरे. मग मार्तंडजी माईकवर विचारत, "काय निघालं हे?" आणि सगळं पोडियम एका आवाजात सांगे, "मेंदूचा कचरा."

आणि टाळ्या. स्वतःच्या डोक्यातून घाण निघाल्याचा एवढा अभिमान मी आयुष्यात पाहिला नव्हता. बी विंगमधल्या एका बाईंनी तर टबाबरोबर सेल्फी काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

मार्तंडजी पन्नाशीचे, गोरे, भगव्या कुडत्यावर डॉक्टरचा पांढरा कोट घातलेले. त्यांचं म्हणणं असं की मेंदूला स्वतःची गटारं असतात. परदेशी शास्त्रज्ञांना हे दहा-बारा वर्षांपूर्वी कळलं, आपल्या ऋषींना त्याआधी दहा-बारा हजार वर्षं. या गटारांचा नकाशा जनुकांत लिहिलेला असतो आणि तो बिघडला की कचरा तुंबतो, मग माणूस विसरतो, चिडतो, सुनेशी भांडतो. टबाचा दिवस रविवार, पण नाल्या मोकळ्या राहाव्यात म्हणून रोज पहाटे चारला उठायचं, असा त्यांचा नियम होता. त्यांनी त्या कचऱ्याचे दोन भाग पाडले होते. पाणी विटकरी झालं तर सुका कचरा, म्हणजे जुन्या चिंता. काळपट-हिरवट झालं तर ओला, म्हणजे चालू चिंता.

खरी हुशारी इथे होती. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा केला नाही तर सेक्रेटरी नाव फळ्यावर लिहितात. सहा वर्षं हिरवा डबा, निळा डबा ऐकून लोकांची जीभ त्याला सरावली होती. तीच भाषा कुणी डोक्याला लावली तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. उलट "माझा ऐंशी टक्के सुका निघाला" असं लोक लिफ्टमध्ये एकमेकांना सांगू लागले.

आता मी कोण ते सांगतो. मी नाना खिल्लारे. महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. भांडुपपासून घाटकोपरपर्यंत जमिनीखाली कुठून काय वाहतं ते मला पाठ आहे. म्हणून पहिल्याच रविवारी मी हात वर करून विचारलं की महाराज, मेंदूपासून पावलापर्यंत ही लाईन जाते कुठून, तिला उतार किती आणि मॅनहोल कुठे आहेत.

मार्तंडजी हसून म्हणाले, "काका, हा सूक्ष्म उतार आहे."

लोक माझ्याकडे बघून हसले. माझी बायको जया टॉवेल घेऊन रांगेतच होती. ती नंतर घरी म्हणाली की तुम्हाला सगळीकडे गटारच दिसतं. हे तिचं खरं आहे. पण मला गंजही दिसतो. तो टबातला विटकरी रंग मी चौतीस वर्षं जुन्या बिडाच्या पाइपांत पाहिलेला होता आणि त्याला माझ्या खात्यात कुणी चिंता म्हणत नसे.

तरी मी गप्प बसलो असतो. साठ-सत्तर माणसांनी पाय धुतले म्हणून माझं काय बिघडणार होतं? पण त्या रांगेत काशीराम होता.

काशीराम घाडी माझा तीस वर्षांचा मित्र. आमची चाळ पाडून हा टॉवर झाला, तेव्हा त्याने सहावा मजला घेतला आणि मी सातवा. तो पोस्टमन होता. मुलुंडमधल्या कुठल्या गल्लीत कुणाचं बिऱ्हाड कधी बदललं हे त्याला महापालिकेच्या आधी कळे. अर्धवट पत्त्याचं, चुकीच्या नावाचं पत्र तो बरोबर दारात पोचवी. असा माणूस गेल्या वर्षापासून विसरू लागला. चष्मा फ्रिजमध्ये ठेवी. एका संध्याकाळी तो लिफ्टमधून पाचव्या मजल्यावर उतरला आणि कुणाच्यातरी घरात शिरून सोफ्यावर बसला. चहा आला, तो प्याला, मग त्या घरच्या बाईंना स्वतःच्या बायकोबद्दल विचारलं की नलिनी कुठे गेली. ही गोष्ट लोक हसत सांगत. काशीरामही हसे, पण हसून झाल्यावर बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसे.

त्याची एकुलती एक मुलगी मानसी आणि माझा मुलगा प्रबुद्ध यांचं लग्न ठरलं होतं. सहजासहजी नाही ठरलं. आम्ही बौद्ध, ते कोकणातले हिंदू, एका ताटात जेवणारे दोन मित्र या प्रश्नावर दीड वर्ष एकमेकांकडे चोरासारखे बघत होतो. शेवटी काशीरामच वर आला आणि म्हणाला, नाना, पोरं आपल्यापेक्षा शहाणी आहेत, आपण गप बसू. मुलुंडमधलाच हॉल घेतला, आधी बुद्धवंदना मग मंगलाष्टकं असं ठरलं, पत्रिका छापायला गेल्या.

आणि मग मार्तंडजींच्या मदतनीस प्रियंका मॅडमनी काशीरामच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीवर लाळ घेतली. मानसीचीही घेतली. आठवड्याने प्लास्टिकच्या फाइलमध्ये रंगीत रिपोर्ट आला.

दुसऱ्या दिवशी काशीराम ती फाइल घेऊन माझ्या दारात उभा राहिला. नेहमी तो चपला सोडून थेट आत येऊन टीव्हीचा रिमोट घेतो. त्या दिवशी तो "येऊ का?" म्हणाला, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"नाना, हे लग्न नको," तो म्हणाला.

मी त्याला बसवलं. त्याने फाइल उघडून दाखवली. वर एका झाडाचं चित्र, झाडाच्या मुळाशी लाल ठिपके. त्याच्या मेंदूची गटारं पिढीजात तुंबलेली, दोष सात पिढ्यांचा, मुलीत उतरलेला, तिच्या मुलांत दुप्पट उतरणार असं त्यात लिहिलं होतं.

"अरे, हे कुणी सांगितलं? झाडाने?"

"चेष्टा नको रे. मी तीस वर्षं लोकांची टपालं वाटली, एक पत्र कधी दाबून ठेवलं नाही. आता माझ्याच घरातली एवढी मोठी गोष्ट दाबून तुझ्या घरात पोरगी देऊ? उद्या तुझा नातू स्वतःचं नाव विसरला तर?"

मला राग आला होता, पण तो त्याच्यावर काढता येईना. तो मला फसवायला नव्हे, मला वाचवायला आला होता. मी म्हटलं माझी काही हरकत नाही. तो म्हणाला, तुझी नसेल, माझी आहे. आणि जाताना चुकून माझ्या चपला घालून गेला.

प्रबुद्ध संध्याकाळी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, वाट लागली. मानसी गोरेगावच्या एका स्टुडिओत एडिटिंग करते, तिथून परस्पर आमच्याकडेच आली. ती रडली नाही, पण सोफ्याच्या हातावर नखाने रेघा ओढत राहिली.

"नानाकाका, बाबांना सोडून मी रजिस्टर लग्न करणार नाही," ती म्हणाली. "ते रोज मला बघितलं की सॉरी म्हणतात. रोज. आणि खरं सांगू, मलाही भीती वाटते. काल मी ऑफिसची चावी विसरले, तर अर्धा तास बाथरूममध्ये बसून होते."

ते ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. पाय धुण्यापर्यंत ठीक होतं. सत्तावीस वर्षांची धडधाकट मुलगी चावी विसरली म्हणून भेदरते, हे मी चालू देणार नव्हतो.

माझी थोरली मुलगी चेतना डॉक्टर आहे. तिला बोलावलं. तिने रिपोर्ट वाचला आणि पहिल्यांदा झाडाचं कौतुक केलं, चित्र छान आहे म्हणाली. मग माझ्या जेवणाच्या टेबलावर तिने आम्हाला तासभर शिकवलं. मला आश्चर्य याचं वाटलं की मार्तंडजींची सुरुवातीची दोन वाक्यं खरीच होती. मेंदूत खरोखर मळ धुऊन नेण्याची सोय असते. पेशींच्या मधल्या फटींतून एक पातळ द्रव वाहतो आणि मळ घेऊन जातो, बहुधा गाढ झोपेत जास्त. तिथून तो मळ मानेतल्या वाहिन्यांकडे आणि रक्तात जातो. पायाकडे जाणारी लाईन नाही. मी जयाकडे बघितलं. जयाने कढईकडे बघितलं.

जनुकाचंही अर्धं खरं निघालं. त्या पेशींवर पाणी जाण्यायेण्यासाठी बारीक दारं असतात आणि ती दारं कशी बनवायची याची कृती अठराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. माणसामाणसाच्या कृतीत एखाद्या अक्षराचा फरक असतो. त्या फरकाचा झोपेशी किंवा विसरण्याशी काही संबंध आहे का, हे शास्त्रज्ञ तपासतायत, आणि त्यांचं अजून आपसात पटत नाही. "जे शोधणाऱ्यांनाच अजून नीट माहीत नाही, ते याला कापसाच्या काडीवर दिसतं," चेतना म्हणाली. "आणि एका अक्षरावरून लग्नं मोडायची म्हटली तर या देशात कुणाचंच लग्न होणार नाही, नाना. तुमचं तर नाहीच."

मग तिने विचारलं की काशीकाका घोरतात का.

मी हसलो. काशीराम सहाव्या मजल्यावर घोरतो आणि आमच्या सातव्या मजल्यावरच्या काचेच्या बरण्या वाजतात. मध्येच आवाज थांबतो, आम्हीही वर श्वास धरतो, मग एकदम फुस्स करून पुन्हा सुरू. चेतना हसली नाही. ती म्हणाली की श्वास असा अडकत असेल तर त्यांना रात्रभर खरी झोप लागतच नाही, आणि झोपच नसेल तर माणूस विसरणारच. हे तपासायला हवं, उपाय आहे. आणि वर हा बाबा त्यांना पहाटे चारला उठवतो.

हे मी काशीरामला सांगितलं. तो म्हणाला, मार्तंडजींनी बजावलंय की सफाई चालू असताना डॉक्टरकडे गेलं तर कचरा उलटा चढतो.

आता उपाय काय? वाद घालून झाला होता, रिपोर्टमधल्या चुका दाखवून झाल्या होत्या. मी गंजाचं सांगितलं तर म्हणाला, नाना, तुझं खातं वेगळं. मार्ग काढला तो नलिनीवहिनींनी.

नलिनीवहिनी कणकवलीकडच्या. चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा बोलत नाहीत. मार्तंडजींनी घाडी कुटुंबासाठी पुढच्या रविवारी 'सामूहिक कुलशुद्धी' ठेवली होती आणि दोष पक्का करायला, तिला भावंडं आहेत का हेही न विचारता, मानसीच्या सख्ख्या भावंडांचे नमुने मागितले होते. वहिनी दुपारी आमच्याकडे आल्या, पदराखालून पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत वरवंटा होता. काळा, गुळगुळीत, टोकाला वाटपाचा, म्हणजे वाटलेल्या मसाल्याचा, पिवळा डाग. त्याला लाल काठाचं जुनं टोपडं घातलेलं होतं.

"ह्यो मानसीचो थोरलो भाव," वहिनी म्हणाल्या. "बारशाक पाळण्यात आदी ह्योच निजललो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवण्याची बऱ्याच घरांत पद्धत आहे. बाळ तसंच घट्टमुट्ट व्हावं म्हणून. मानसीच्या बारशाला याच वरवंट्याला झोके दिले होते. वहिनींनी त्याचं नाव धोंडू ठेवलं होतं आणि ते टोपडं कपाटात जपून ठेवलं होतं.

चेतना त्या दुपारी आमच्याकडेच होती, ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग ती आणि वहिनी दोघी प्रियंका मॅडमकडे गेल्या. वहिनींनी सांगितलं की थोरला आहे, पण त्याला इथे आणता येत नाही, काडी द्या, मी नमुना आणते. मॅडमनी फॉर्म काढला. नाव धोंडू काशीराम घाडी. बोलतो का? नाही. चालतो का? नाही. आहार? दिवसभर मसाल्यात असतो. वजन? वहिनी खरं तेच बोलल्या, चार किलो. मॅडमनी वर न बघता चाळीस लिहिलं.

वरवंट्यावर काडी फिरवली, पिशवीत घातली आणि दिली. हे सगळं आम्ही काशीरामपासून लपवलं. माझ्या आयुष्यातल्या चुकांत या चुकीचा नंबर बराच वर लागतो, ते पुढे कळेल.

रविवार आला. पोडियम भरलेलं. पहिल्या रांगेत काशीराम आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला होता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. शेजारी मानसी आणि प्रबुद्ध, मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून. वहिनी मागे, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. कुणालातरी वाटलं नात असेल.

मार्तंडजींनी माईक घेतला. आज एका घराण्याचं सात पिढ्यांचं गटार उघडणार, असं म्हणाले. मग नवा रिपोर्ट वाचू लागले. काशीरामपंतांचे थोरले चिरंजीव धोंडू. याच्या मेंदूत सर्वांत जास्त कचरा. डावी नाली पूर्ण बंद. स्वभाव तिखट. अतिविचार करतो. एका मुलीने प्रेमात फसवल्याने वाचा गेली आहे. विवाहयोग अडतिसाव्या वर्षी. पण अकरा वेळा सफाई केली तर महिन्याभरात चालू लागेल.

लोकांनी चुकचुक केलं. मी उठून बोलणार होतो, तेवढ्यात माझं लक्ष काशीरामकडे गेलं आणि मी परत खाली बसलो.

तो पांढराफटक पडला होता. त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले होते. मागे वळून तो हळूच म्हणाला, "नलू, आपल्याला मुलगा आहे?"

त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मी विसरलो? एवढा मोठा मुलगा मी विसरलो?"

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. बाबाला अडकवायला लावलेल्या फासात आम्ही आमच्याच माणसाची मान दिली होती. मानसी उठून त्याच्याकडे धावली. पण वहिनी आधी पोचल्या. त्यांनी ते दुपट्याचं गाठोडं काशीरामच्या मांडीवर ठेवलं आणि दुपटं बाजूला केलं.

"नाय वो. काय्येक इसराक नाय तुमी," त्या म्हणाल्या. "ह्यो बगा तुमचो धोंडू. आज सकाळीच ह्येच्यावर वाटप वाटलंय."

काशीराम बघत राहिला. टोपडं बघितलं, त्यावरचा लाल काठ चाचपला. मग त्याने वरवंटा उचलून पोडियमला दाखवला. मागच्या रांगेतल्या लोकांना काही दिसेना म्हणून ते खुर्च्यांवर चढले. कुणीतरी ओरडलं, "अरे यार, वरवंटा आहे हा," आणि हसण्याची जी लाट उठली ती बी विंगच्या गच्चीपर्यंत गेली असेल. ज्याची डावी नाली बंद होती आणि ज्याला एका मुलीने फसवलं होतं, तो टोपडं घालून काशीरामच्या हातात होता.

मार्तंडजी डगमगले नाहीत, याची दाद द्यायला हवी. पाषाणातही चैतन्य असतं, आमच्या यंत्राने तेच टिपलं, असं ते म्हणाले.

"मग त्याचे पाय बुडवा," मी म्हटलं.

लोकांनीच उचलून धरलं. एका टबात ताजं पाणी घेतलं, त्यांच्याच बरणीतलं 'संस्कारित सैंधव' टाकलं, वायर सोडली आणि धोंडूला उभा केला. बटण मी दाबलं, काही न पुटपुटता. दोन मिनिटांत पिवळं. पाच मिनिटांत विटकरी. दहाव्या मिनिटाला फेस. मग मी धोंडूला बाहेर काढलं, पाणी बदललं, मीठ टाकलं आणि टबात कुणालाच न ठेवता बटण दाबलं. पुन्हा विटकरी. आता मी विचारलं, "हा कुणाचा कचरा?" पुढच्या रांगेतले लोक उठून त्या माणूस नसलेल्या टबात डोकावले.

मी वायरीच्या टोकाचं लोखंडी वेटोळं वर काढून नखाने खरवडलं. हाताला गंज आला. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. मीठ कमी-जास्त केलं की रंग बदलतो आणि ओल्याचा सुका होतो. यात पायांचं काम नाही, मेंदूचं तर नाहीच. चौतीस वर्षं मी हे पाणी उपसलं आहे, फक्त त्यासमोर कुणी हात जोडताना पाहिलं नव्हतं.

चेतना पुढे आली. ती फक्त एवढंच म्हणाली की डोकं धुण्याची जी काही सोय शरीरात आहे ती झोपेत चांगली चालते असं आजवरचं संशोधन सांगतं, आणि तुम्ही सगळे महिनाभर चार वाजता उठताय. पहिल्या रांगेतल्या तिघांना त्याच वेळी जांभई आली.

काशीराम स्वतःच्या आणि मानसीच्या रिपोर्टची फाइल हातात घेऊन बसला होता, धोंडूचा रिपोर्टही त्याने मार्तंडजींकडून मागून त्यात घातला होता. तो उठला. त्याने खिशातून पेन काढलं. निवृत्त झाला तरी त्याच्या खिशात पेन असतं. फाइलमधलं धोंडूचं नाव त्याने बोटाने वाचलं, मग स्वतःचं, मग मानसीचं. आणि तीस वर्षं ज्या अक्षरांत तो लिहीत आला त्याच तिरक्या अक्षरांत, न अडखळता, तिन्ही रिपोर्टांवर लिहिलं: 'या नावाचा इसम या पत्त्यावर राहत नाही. पाठवणाऱ्यास परत.' खाली सही आणि तारीख. तारीखही बरोबर होती.

फाइल मार्तंडजींच्या हातात देत तो म्हणाला, "ज्या घरात माणूसच नाही, तिथे तुमचं पत्र पोचलं कसं? आमच्या खात्यात असं पत्र वाटलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

मग तो रिकाम्या खुर्चीकडे वळला. प्रबुद्धला दंडाला धरून त्याने त्या खुर्चीत बसवलं, मानसीच्या शेजारी. मानसी तेव्हा रडली. मीही थोडा रडलो, आणि तो घाम होता असं जयाला सांगितलं.

चेतनाने पोलिसांना फोन लावला, तोवर मार्तंडजी आणि प्रियंका मॅडम बेसमेंटच्या पार्किंगमधून गेले होते. तक्रार आम्ही दिली, अशा लोकांसाठी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. बारा टब मागे राहिले. ते सोसायटीने धुऊन घेतले आणि आता त्यांत ओल्या कचऱ्याचं खत होतं, म्हणजे त्या टबांत अखेर खरा कचरा पडला.

काशीरामची झोपेची तपासणी झाली. रात्री त्याचा श्वास तासाला तीसेक वेळा अडकत होता. आता तो नाकावर हवेचा मास्क लावून झोपतो. पहिल्या रात्री वहिनी घाबरून स्वयंपाकघरात झोपल्या. आमच्या बरण्या वाजायच्या थांबल्या आहेत. तो पूर्वीसारखा झालाय असं मी म्हणणार नाही. चष्मा अजून अधूनमधून फ्रिजमध्ये सापडतो आणि चेतना म्हणते की आणखी तपासण्या करत राहायला हवं. पण पाचव्या मजल्यावर तो पुन्हा चहा प्यायला गेला नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. शास्त्राचे शब्द वापरतो तो शास्त्रज्ञ, असं समजू नका. थापेत दोन वाक्यं खरी असली की ती जास्त गोड लागते, म्हणून तिसरं वाक्य नीट ऐका. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तोच चमत्कार माणसाशिवाय करून दाखवा म्हणा. कुणी तुमच्या सात पिढ्यांचा दोष सांगितला तर आधी घरातला वरवंटा पाठवा. आणि घरातलं माणूस विसरू लागलं तर त्याला टबाकडे नको, डॉक्टरकडे न्या, आणि त्याची गोष्ट लिफ्टमध्ये हसत सांगू नका. मीही ती हसतच सांगायचो.

लग्न ठरल्या तारखेला झालं. वहिनींनी धोंडूला नवीन टोपडं शिवून पहिल्या रांगेत बसवलं होतं. वरातीआधी काशीराम माझ्याकडे आला, गळ्यात पडला, नाना, पोरगी सांभाळ म्हणाला. पाच मिनिटांनी पुन्हा आला, गळ्यात पडला, नाना, पोरगी सांभाळ म्हणाला. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.